टक्क्यांची शेपटी

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात कविता असाव्यात, एखादे प्रवासवर्णन असावे, झालाच तर एखादा परिसंवाद असावा. पण दशांश चिन्हापुढे किती आकडे छापावेत यावर लेख असावा, हे पाहून कित्येकांच्या भुवया उंचावतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, पान उलटण्यापूर्वी त्यांनी स्वतःची एखादी गुणपत्रिका डोळ्यांपुढे आणावी. आपल्यापैकी प्रत्येकाचे नशीब कधी ना कधी टक्क्याच्या एखाद्या अंशाला लोंबकळलेले असते. वर्ग मिळाला की हुकला, हजेरी भरली की कमी पडली, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आले की राहिले, हे सारे टक्केच ठरवितात. आणि हे टक्के आता बहुधा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. ते कसे उमटावेत, हे कोणीतरी लिहिलेली चार ओळींची स्क्रिप्ट ठरविते. त्या चार ओळींविषयी हा लेख आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. संकेतस्थळाची पाने लिहिणे हा माझा छंद. या छंदात 'टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत सारखी दाखवा' हे काम वारंवार समोर येते. वरकरणी ते पाच मिनिटांचे वाटते. खोलात शिरले की त्यात गणित निघते, छपाई निघते आणि थोडेसे नीतिशास्त्रही निघते.

टक्केवारी आपल्याला नवी नाही. शाळेत 'द. सा. द. शे.' ही अक्षरे पाहून कोणाच्या पोटात गोळा आला नसेल? दरसाल दर शेकडा, म्हणजे शंभरात किती, एवढाच तिचा अर्थ. दोन वेगवेगळ्या एकूणांतील भाग एकमेकांशेजारी ठेवून पाहता यावेत म्हणून दोघांचेही एकूण शंभर आहे असे मानायचे. पण हा शंभराचा साचा प्रत्येक संख्येला नेमका बसत नाही, आणि तेथूनच शेपटीचा प्रश्न सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. एकूण गुण ६००. चार विद्यार्थ्यांना अनुक्रमे ३४८, ३५७, ३५९ आणि ४०० गुण आहेत. संगणकाला नुसते 'टक्के काढ' म्हटले, तर पहिल्याचे येतात ५८, दुसऱ्याचे ५९.५, तिसऱ्याचे ५९.८३३३३ अशी लांबच लांब रांग, आणि चौथ्याचे ६६.६६६६६६६६६६६६६७. चारही उत्तरे आपापल्या जागी ठीक आहेत. पण ती एकाखाली एक छापली की यादी विसकटलेल्या वेणीसारखी दिसते. दशांश चिन्हे एका रेषेत येत नाहीत, आणि डोळ्याला कोण मोठा, कोण लहान हे चटकन कळत नाही. म्हणून सर्वांना सारखी शेपटी द्यायची : ५८.००, ५९.५०, ५९.८३, ६६.६७. येथे ५८ पुढची दोन शून्ये निरुपयोगी नाहीत. 'या यादीत आम्ही शतांशापर्यंत मोजले आहे' असे ती वाचकाला सांगतात.

यासाठी साधने तयार आहेत. संकेतस्थळाच्या पानामागे दोन ठिकाणी स्क्रिप्ट चालू शकते : एक दूरच्या सर्व्हरवर, आणि दुसरी वाचकाच्या स्वतःच्या यंत्रावर, ब्राउझरमध्ये. सर्व्हरवर बऱ्याच ठिकाणी पीएचपी ही भाषा असते. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट असते. दोन्ही भाषा १९९५ साली लोकांसमोर आल्या. पीएचपीत 'नंबर-फॉरमॅट' नावाची क्रिया आहे. तिला संख्या आणि हवी तितकी दशांश स्थळे सांगितली की काम होते. स्थळे सांगितलीच नाहीत, तर ती एकही दशांश ठेवीत नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'टू-फिक्स्ड' ही क्रिया आहे. शिवाय 'इंटल' नावाच्या भांडारात संख्या सजविणारे साधन आहे. त्याला मराठीचा संकेत दिला की ते आकडे देवनागरीत देते आणि पुढे टक्क्याचे चिन्हही लावते. मात्र या साधनाच्या दोन खोडी ध्यानात ठेवाव्यात. शंभराने गुणण्याचे काम ते स्वतःच करते. तेव्हा त्याला ०.५९८३ द्यावे, ५९.८३ दिले तर ते हजारांतले टक्के दाखविते. आणि किती स्थळे हवीत हे सांगितले नाही, तर ते सरळ ६०% असे छापते.

या ६० जवळ आपण थोडे थांबू, कारण लेखाचा सारा गाभा येथे आहे. ज्याला ६०० पैकी ३५९ गुण आहेत, त्याचे टक्के ५९.८३ आहेत. प्रथम वर्गाची मर्यादा ६० टक्के असेल, तर तो वर्ग त्याला मिळालेला नाही. पण पडद्यावर तर साठ दिसतात! घरी पेढे वाटले जातात, आणि गुणपत्रिका हाती पडते तेव्हा तीवर द्वितीय वर्ग असतो. हिशेब चुकलेला नसतो. चुकलेले असते ते दाखविणे.

हे उदाहरण मी कल्पनेने रचले. परंतु असाच प्रकार एका देशाच्या राजकारणात खरोखर घडून गेला आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यात ५ एप्रिल १९९२ रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली. तेथील नियमानुसार एखाद्या पक्षाला किमान पाच टक्के मते मिळाली, तरच विधिमंडळात त्याला जागांचा वाटा मिळतो. ग्रीन पक्षाच्या नावापुढे निकालाच्या तक्त्यात ५.० असा आकडा आला. पक्ष उंबरठा ओलांडून आत आला असे सर्वांनी धरले, आणि त्याप्रमाणे जागांची मांडणीही झाली. रात्री उशिरा कोणाच्या तरी लक्षात आले की खरी टक्केवारी ४.९७ आहे. तक्ता छापणारी आज्ञावली एकच दशांश स्थळ दाखवीत होती, आणि ४.९७ चे एका स्थळापर्यंतचे आसन्न मूल्य ५.० हेच होते. दुरुस्ती झाल्यावर ग्रीन पक्ष विधिमंडळाबाहेर राहिला, आणि ८९ पैकी ४५ जागा मिळून सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला एका जागेचे का होईना, पण निर्विवाद बहुमत मिळाले. मतमोजणीत एकाही मताची चूक नव्हती. केवळ एका दशांश स्थळाच्या आखडतेपणामुळे काही तास एका राज्याचे राजकारण वेगळेच दिसत राहिले.

कोणी म्हणेल, मग दोन स्थळे दाखवावीत म्हणजे झाले. ४.९७ हे ४.९७ च दिसले असते, हे खरे. पण मते ४.९९६ टक्के असती तर? दोन स्थळांपर्यंत ते पुन्हा ५.०० च झाले असते. तीन स्थळे घेतली तर ४.९९९६ आडवे येईल. शेपटी कितीही लांबवा, तिच्या पलीकडे काही ना काही उरतेच. म्हणजे उपाय स्थळे वाढविण्यात नाही. उपाय असा की, निर्णय मूळ संख्येवरून घ्यावा आणि आसन्न मूल्य केवळ डोळ्यांसाठी ठेवावे. दाखविण्याचा आकडा वेगळा आणि ठरविण्याचा आकडा वेगळा, ही शिस्त स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीपासून पाळली पाहिजे.

ही शिस्त पाळण्याची एक सोपी युक्ती आपल्याला शाळेतच शिकविलेली आहे, ती म्हणजे तिरकस गुणाकार. ६०० पैकी ३५९ हे साठ टक्क्यांहून कमी की जास्त, हे पाहायला भागाकार करण्याचे कारणच नाही. ३५९ ला १०० ने गुणा : ३५,९००. ६०० ला ६० ने गुणा : ३६,०००. पहिली संख्या लहान, म्हणजे साठ टक्के भरले नाहीत. दशांश नाही, शेपटी नाही, वादही नाही. आता काही ठिकाणी अर्धा टक्का उदारपणे पुढे ढकलण्याचा नियम असू शकतो. तसा असेल तर आनंदच आहे. पण तो नियम म्हणून लिहिलेला असावा आणि स्क्रिप्टने तो जाणूनबुजून पाळावा. छपाईच्या सोयीसाठी वापरलेल्या क्रियेने तो गुपचूप लागू करू नये. उदारता नियमातून यावी, अपघातातून नव्हे.

येथवरचा दोष माणसाच्या योजनेतला. आता थोडे यंत्राच्या स्वभावाकडे वळू. संगणक दहा बोटांनी मोजीत नाही. त्याच्याजवळ शून्य आणि एक ही दोनच चिन्हे आहेत. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला बसलो तर ०.३३३३ असे कधीच संपत नाही. तसेच संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश कधीच संपत नाही. म्हणून तो ठरावीक घरे भरून थांबतो आणि जवळात जवळची संख्या साठवितो. अपूर्णांक साठविण्याची ही रीत १९८५ साली एका आंतरराष्ट्रीय मानकाने बांधून दिली, आणि आज बहुतेक सर्व यंत्रे तिलाच अनुसरतात. जावास्क्रिप्टमधल्या साध्या संख्या याच रीतीने साठविलेल्या असतात. परिणाम असा की, जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर येते ०.३०००००००००००००००४. यंत्र बिघडलेले नसते; त्याने आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगितलेली असते.

टक्केवारीत ही मर्यादा अशी बाधते. ५० पैकी २९ गुण, म्हणजे नेमके ५८ टक्के. पण स्क्रिप्टने आधी २९ ला ५० ने भागले आणि मग १०० ने गुणले, तर उत्तर येते ५७.९९९९९९९९९९९९९९. त्यापुढे कोणी अपूर्णांक छाटून टाकणारी क्रिया वापरली, तर हाती उरतात ५७. बिचाऱ्याचा एक टक्का हवेत विरून गेला! हेच काम उलट क्रमाने केले, म्हणजे आधी २९ ला १०० ने गुणून २,९०० केले आणि मग ५० ने भागले, तर उत्तर नेमके ५८ येते. पूर्ण संख्या पंधरा अंकी असल्या तरी यंत्राकडे बिनचूक राहतात. चूक शिरते ती अपूर्णांकाच्या दारातून. म्हणून हे दार शक्य तितक्या उशिरा उघडावे. आधी गुणाकार, शेवटी भागाकार.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. समजा, २०,००० मतांपैकी एकाला २०१ मते पडली. हे नेमके १.००५ टक्के. दोन स्थळांपर्यंत आसन्न मूल्य किती? शाळेतला नियम सांगतो की, पुढचा अंक पाच किंवा अधिक असेल तर एक वाढवा, म्हणून १.०१. पीएचपीची नंबर-फॉरमॅट क्रिया १.०१ च देते. जावास्क्रिप्टची टू-फिक्स्ड क्रिया मात्र १.०० देते, कारण यंत्रात साठविलेली संख्या १.००५ हून रेसभर कमी आहे, आणि टू-फिक्स्ड त्या साठविलेल्या संख्येशी इमान राखते. पीएचपी आपल्या मनातला दशांश ओळखण्याचा प्रयत्न करते. दोघींचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण एकाच निकालाची यादी सर्व्हरने काढली आणि तिचा गोषवारा ब्राउझरने काढला, तर एकाच पानावर एकाच उमेदवाराचे दोन वेगवेगळे टक्के दिसतील. अशा वेळी वाचकाचा विश्वास उडतो तो साऱ्या निकालावरून.

उपाय पुन्हा घरगुतीच आहे. दुकानदार रुपयाचा हिशेब पैशांत ठेवतो, तसा टक्क्याचा हिशेब शतांशांत ठेवावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. व्याजदराच्या बातम्यांत 'पंचवीस बेसिस पॉइंट' म्हणतात ते टक्क्याचे शतांशच. २०१ ला १०,००० ने गुणून २०,००० ने भागले की १००.५ येतात. ही अर्धी संख्या यंत्र बिनचूक साठविते. ती आपल्या नियमाने १०१ करावी, आणि छापताना दशांश चिन्ह दोन घरे आत सरकवावे : १.०१. हा नियम एकाच ठिकाणी लिहावा आणि सर्व पानांनी तोच वापरावा.

आसन्न मूल्य काढायचे ते एकदाच आणि अगदी शेवटी, हा नियम तर आपल्या आजी-आजोबांनी बाजारात अनुभवलेला आहे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे. तेव्हापासून शंभर नये पैसे. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, पण पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून एक आण्याचे सहा नये पैसे झाले. चार आण्यांचे मात्र नेमके पंचवीस. आता एकेक आण्याची वस्तू चारदा वेगवेगळी घेतली तर होतात चोवीस, आणि चारही एकदम घेतल्या तर पंचवीस. प्रत्येक पायरीवर केलेली काटछाट शेवटी पैशाच्या रूपाने दिसते. कॅनडातील व्हँकुव्हर येथील शेअर बाजाराने हाच धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. त्याचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशापुढचा भाग छाटून टाकला जाई. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ इतका खाली दिसत होता. हिशेब सुधारल्यावर तो निघाला १,०९८.८९२! थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात. येथे थेंबाथेंबाने तळे आटले होते.

छापण्यासाठी तयार केलेला टक्का पुन्हा हिशेबात घेऊ नये, याला आणखी एक कारण आहे. टू-फिक्स्ड जे हाती देते ती संख्या नसते, अक्षरांची ओळ असते. अशा दोन ओळींची बेरीज करायला सांगितली तर जावास्क्रिप्ट त्या एकमेकींना चिकटवून देते, ५९.५० आणि ६०.०० मिळून ५९.५०६०.०० असा अजब प्राणी तयार होतो. आणि अशी यादी चढत्या-उतरत्या क्रमाने लावायला घेतली, तर ती शब्दकोशातल्या शब्दांसारखी पहिल्या अक्षरावरून लागते. एक हे अक्षर तीनच्या आधीचे, म्हणून शंभर टक्के मिळविणारी विद्यार्थिनी पस्तीस टक्केवाल्याच्याही खाली जाऊन बसते. हुशार मुलीचे असे कौतुक कोणालाही आवडणार नाही.

आता बेरजेचा प्रश्न. वाचक टक्क्यांची यादी पाहिली की मनातल्या मनात बेरीज करतोच. ७० जणांनी तीन पर्यायांना अनुक्रमे ३४, २५ आणि ११ मते दिली. टक्के झाले ४८.५७, ३५.७१ आणि १५.७१. पूर्ण टक्क्यांत दाखविले तर ४९, ३६ आणि १६, बेरीज १०१. म्हणजे शंभरांतून एकशे एक निघाले! यावर एक सरळ मार्ग म्हणजे खाली टीप द्यावी की, आसन्न मूल्यांमुळे बेरीज नेमकी शंभर भरेलच असे नाही. दुसरा मार्ग अमेरिकेच्या इतिहासात सापडतो. तेथे राज्यांना प्रतिनिधींच्या जागा वाटून देण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी एक पद्धत सुचविली होती. तिच्यावर आधारलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठविले. तेथील राष्ट्राध्यक्षांचा तो पहिला नकाराधिकार. पद्धत अशी : आधी सर्वांचे अपूर्णांक सोडून द्या, म्हणजे ४८, ३५ आणि १५, बेरीज ९८. उरलेले दोन ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे त्यांना एकेक द्या. येथे .७१ वाले दोघे पुढे सरकतात आणि यादी होते ४८, ३६, १६. बेरीज शंभर जुळली, पण ४८.५७ वाल्याला ४८ वर समाधान मानावे लागले. एक जुळविले की दुसरे थोडे सुटते. म्हणून कोणता मार्ग घेतला हे वाचकाला सांगणे हाच खरा मार्ग.

शेवटी, स्थळे किती असावीत? याला एकच उत्तर नाही, पण एक कसोटी आहे. ४० जणांच्या वर्गात मत विचारले, तर एका माणसाचे वजन अडीच टक्के असते. तेथे ३७.५० असे लिहून शतांशाचा आव आणण्यात अर्थ नाही; '४० पैकी १५' हे अधिक प्रामाणिक. लाखो मतांच्या मोजणीत मात्र शतांशालाही शेकडो माणसे असू शकतात; तेथे दोन स्थळे हवीतच. शेपटी लांब असली म्हणजे अचूकता आली असे नव्हे, आणि आखूड असली म्हणजे साधेपणा आला असेही नव्हे. शक्य असेल तेथे टक्क्यांशेजारी मूळ संख्याही छापाव्यात, म्हणजे ज्याला पडताळून पाहायचे आहे त्याला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

हे सारे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी झाले. आपण बहुतेक जण वाचणारे आहोत, आणि माझ्या मते वाचणाऱ्याचे कर्तव्यही कमी नाही. इतिहासाचा विद्यार्थी बखर हाती घेतो तेव्हा ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कशासाठी लिहिली हे विचारतो. तीच सवय आकड्यांच्या बाबतीतही लावून घ्यावी. पुढच्या वेळी फलकावर किंवा पडद्यावर '६० टक्के' दिसले, तर दोनच गोष्टी विचाराव्यात : कितीपैकी किती? आणि हे साठ मोजून आले आहेत की दाखविण्यासाठी केले आहेत? उत्तर देणाऱ्याला थोडे थांबावे लागले, तर विचारले ते बरे झाले असे समजावे.